जन्मवेळ सकाळी नऊ चाळीस

माझा जन्म सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी झाला. हे मला मामाने सांगितलं, आणि मामा वेळेच्या बाबतीत चुकणारा माणूस नाही. आईच्या माहेरी, ओसरीवर तो उभा होता. आतून रडणं ऐकू आलं तसं त्याने मनगट वर करून घड्याळ बघितलं. पण माझ्या लग्नाच्या बायोडेटावर बारा वर्षं 'जन्मवेळ: सकाळी ९.४०' असं छापलेलं होतं. छापणाऱ्याची त्यात काही चूक नव्हती. ते दोन तास मी वाढवले होते, पूर्ण शुद्धीत, केजच्या एका ऑनलाइन सेंटरमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून.

आज मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. ग्रह कसे फिरतात ते फळ्यावर काढून दाखवते आणि मुली ते वहीत उतरवून घेतात. माझा पत्रिकेवर तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. लोकांना वाटतं, विश्वास नसला की माणूस त्या भानगडीपासून लांब राहतो. मी उलट केलं. विश्वास नव्हता म्हणूनच मी बिनघोर तिच्याशी खेळले. भोगलं ते ज्यांचा होता त्यांनी.

मी एकविसाव्या वर्षी बी.एस्सी. झाले. एम.एस्सी.ला विद्यापीठात नंबर लागेल इतके मार्क होते. घरात पेढे वाटले, आणि ते पेढे खायला आलेली चुलत आत्या जाताना एक स्थळ सांगून गेली. आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, चुलत बहीण. आमच्या भावकीतली निम्मी लग्नं तिनेच जुळवलेली. कोणाची पोरगी किती वर्षांची झाली, कोणाचं पोरगं कुठे चिकटलं, सगळं तिला तोंडपाठ. स्थळ तलवाड्याचं होतं. मुलगा शाळेवर मास्तर, घरी बागायती, माणसं शांत. नाव ठेवायला जागा नव्हती, हीच माझी अडचण होती.

मी अण्णांना म्हणाले, "अण्णा, मला पुढं शिकायचंय."

"शिक की. लग्न झाल्यावर शिक. मी त्यांच्याकडून तसं बोलूनच घेतो," अण्णा म्हणाले.

हे बोलून घेणं मला माहीत होतं. माझ्या एका मैत्रिणीच्या वडिलांनी असंच बोलून घेतलं होतं. तिची पुस्तकं तिच्याबरोबर सासरी गेली, माळ्यावर चढली, आणि दीड वर्षाने त्यांच्यावर पाळण्याचा सांगाडा ठेवला गेला. अण्णा वाईट नव्हते. शब्द घेतला म्हणजे काम झालं, असं त्यांना खरोखर वाटायचं. मी तेव्हाच ठणकावून सांगायला हवं होतं की दोन वर्षं लग्नाचं नाव काढू नका. असं सांगणाऱ्या मुली आमच्या भागात होत्या. त्यांनी बोलणी खाल्ली, एकदोघींनी मारही खाल्ला, पण त्या शिकल्या. माझ्यात ती धमक नव्हती. मला शिक्षण हवं होतं आणि 'अण्णांची शहाणी पोरगी' हे नावही सोडवत नव्हतं. नाही म्हणायला छाती लागते. खोटं टाइप करायला दोन बोटं पुरतात.

आमच्याकडे मुलीची पत्रिका ती उजवायची ठरली की मगच काढतात. तोवर तिच्या जन्मवेळेशी कोणाला देणंघेणं नसतं. अण्णा म्हणाले, "तुझ्या मामाला येळ इचार आन बायडाटा टाईप करून आन." मामाने सात चाळीस सांगितलं. त्यानंतर दोन दिवस मी मोबाइलवरच्या पत्रिकेच्या ॲपमध्ये माझी जन्मतारीख टाकून वेळ मागेपुढे सरकवत बसले. सात चाळीसला पत्रिका स्वच्छ. साडेआठलाही स्वच्छ. नऊ चाळीसला घरं सरकली आणि मंगळ नेमका आठव्या घरात जाऊन बसला. प्रॅक्टिकलमध्ये रीडिंग बरोबर आल्यावर होतो तसला आनंद मला झाला. मंगळाच्या मुलीला मंगळाचाच मुलगा शोधावा लागतो, आणि तो शोधण्यात दोन-तीन वर्षं आरामात जातात. मला दोन-तीन वर्षंच हवी होती.

संध्याकाळी अण्णांनी ओसरीवर बसून तो कागद मोठ्याने वाचला. आमच्या घरात लेखी काहीही आलं की ते असंच मोठ्याने वाचलं जायचं. आई आत चुलीपुढे भाकरी थापत होती. "जन्मयेळ सकाळी नऊ चाळीस," अण्णांनी वाचलं, आणि आतला थापण्याचा आवाज थांबला.

"बरुबर हाय का गं येळ?" अण्णांनी आत बघून विचारलं.

आईने पिठाचे हात झटकले. मग म्हणाली, "आसंल. मला कुठं घड्याळ व्हतं."

आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. मी सुटले. मनात आलं, बरं झालं, चौथी शिकलेली बाई आहे, तिला सात काय नि नऊ काय, सकाळ ती सकाळ. हे मी माझ्या आईबद्दल मनात म्हटलं. वर्गात पहिली येणारी मुलगी होते मी, मला आपल्या हुशारीचा फार भरवसा होता.

पुढचं सगळं माझ्या मनासारखं झालं. केजच्या गुरुजींनी कॉम्प्युटरवर पत्रिका काढली आणि "कडक मंगळ हाय," म्हणून मान हलवली. तलवाड्याच्या लोकांनी गोड बोलून निरोप धाडला. आत्याने कपाळावर हात मारला. मंगळाची दोन स्थळं आली, त्यातला एक नवरदेव चाळिशीला टेकलेला होता आणि दुसऱ्याला अण्णांनीच नाही म्हटलं. शेवटी अण्णा म्हणाले, "जमंल तवा जमंल. तवर शिकू द्या तिला." गंगेत घोडं न्हालं. मी पेटी भरून विद्यापीठाच्या हॉस्टेलवर गेले.

आईने त्या आठवड्यापासून माझ्यासाठी मंगळवार धरले. दिवसभर शेतात खुरपायचं आणि संध्याकाळी वाटीभर भगर खायची. इकडे हॉस्टेलवर मी खोलीतल्या मैत्रिणींना नऊ चाळीसची गोष्ट रंगवून सांगितली. त्या गादीवर लोळून हसल्या. मीही हसले. एक जण म्हणाली, "तू तर बाई मंगळालाच कामाला लावलंस." तो मंगळवारच होता की नाही, आठवत नाही. आठवायची भीती वाटते.

आता धाकटीचं सांगते. इतका वेळ तिला या हकिगतीत आणलं नाही, कारण तेव्हा माझ्याही डोक्यात ती कुठे नव्हती.

धाकटी माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिला पुस्तकांपेक्षा जनावरं प्रिय. शेळी आजारी पडली की तिचा कान धरून, पोटाला हात लावून ती सांगायची की हिला अपचन झालंय, आणि ते तसंच असायचं. ती अकरावीत असताना आमची गाय अडली. वासराचा एक पाय आत दुमडलेला होता, आणि गुरांचे डॉक्टर दुसऱ्या गावी अडकले होते. धाकटीने अण्णांचा जुना शर्ट अंगात चढवला, हाताला कोपरापर्यंत गोडंतेल चोपडलं आणि डॉक्टर फोनवर सांगतील तसा हात आत घालून तो पाय सरळ केला. वासरू उभं राहिलं तेव्हा सगळी आळी गोठ्यात होती. अण्णा तिच्याकडे बघून नुसते "बाप रे" म्हणाले. त्या दिवसापासून तिचं ठरलेलं होतं, बारावी झाली की गुरांच्या डॉक्टरकीचा डिप्लोमा.

आणि ते झालंही असतं. आमच्याकडे थोरली बिनलग्नाची असताना धाकटीला कोणी मागणी घालत नाही. घातली तर बाप सांगतो, आधी थोरलीचं होऊ द्या, आणि विचारणारा मुकाट्याने उठतो. त्यात अपमान नसतो, भांडण नसतं. थोरली म्हणजे धाकटीचा आडोसाच. मी साध्या पत्रिकेची, शिकते म्हणून थांबलेली मुलगी असते, तर माझ्या मागे धाकटीलाही तीन-चार वर्षं अशीच मिळाली असती. पण मंगळाच्या मुलीला हा नियम लागू नाही. तिचं कधी जमेल ते देव जाणे, तिच्यापायी बाकीच्यांना कशाला अडकवायचं, असं सगळे मानतात. मी माझ्यासाठी वेळ काढला आणि धाकटीचा आडोसा मोडला. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पण कळलं तेव्हा वेळ गेलेली नव्हती, म्हणून न कळण्याची सबब मला नाही.

मी एम.एस्सी.चं पहिलं वर्ष संपवून उन्हाळ्यात घरी आले होते. धाकटीची बारावी झाली होती, सत्तर टक्क्यांच्या आसपास मार्क पडले होते. तिला अठरा पूर्ण होऊन चार महिने झाले होते, आणि हे आत्याने मोजून ठेवलं होतं. ती सिरसाळ्याचं स्थळ घेऊन आली. आडतीचं दुकान, एकुलता मुलगा, निर्व्यसनी.

"थोरलीला मंगळ, त्याला कुनाचा इलाज हाय का?" आत्या ओसरीवर बसून अण्णांना समजावत होती. "आन उद्या लोक म्हनतील, घरातच काईतरी हाय. मंग धाकटीला बी कुनी इचारनार न्हाई. आलंय ते चांगलं हाय, करून टाक."

धाकटी मला ओढत गोठ्यात घेऊन गेली. तिच्या हाताला पेंडीचा वास येत होता.

"अक्का, अण्णा तुझं ऐकतेत," ती म्हणाली. "तू सांग की त्यांना. दोनच वर्साचा डिप्लोमा हाय. मंग मी काय बी म्हननार न्हाई, म्हनतील तिथं बोहल्यावर चढंन."

मी म्हणाले, "सांगते."

आणि सांगितलंही. तिसऱ्या प्रहरी अण्णा चहा पीत होते. आई दाराजवळ सूप घेऊन तूर निवडत होती. मी म्हणाले, "अण्णा, तिला डिप्लोमा करू द्या. हुशार आहे ती."

अण्णांनी बशी खाली ठेवली. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. ते म्हणाले, "मला कळत न्हाई व्हय ती हुशार हाय ते? त्या वासराच्या दिशी मीच तिथं हुतो. पर काय करू, सांग. तुझा मंगळ नसता तर दोन-तीन वरीस मी कुनालाबी 'थोरलीचं होऊ द्या' म्हनून परतवून लावलं असतं. आता कोनत्या तोंडानं म्हनू?"

तेव्हा बोलायचं होतं. 'अण्णा, मला मंगळ नाही,' एवढी चार शब्दांची गोष्ट. मामाला एक फोन लावला की शहानिशा झाली असती. मी सुपाकडे बघत होते. आईचा हात सुपावर थांबला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, धाकटीसाठी तिचाही जीव तुटतोय. माझ्या डोक्यात भराभर हिशेब चालू होता. खरं सांगितलं तर स्थळं माझ्याकडे वळतील. एक वर्ष राहिलंय, पुढे नेट आहे, गाईडने पीएच.डी.चं बोलून ठेवलंय. आणि अण्णा म्हणतील, शिकलेल्या पोरीने बापाला फसवलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. आईने मान खाली घातली आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

संध्याकाळी धाकटीने विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं गं. अण्णा ऐकत नाहीत," मी म्हणाले. ते खोटंही नव्हतं.

तिच्या लग्नात मी करवली होते. करा घेऊन तिच्या मागे उभी राहिले. येणारी-जाणारी प्रत्येक बाई मला कुरवाळून जात होती. "तुझं बी व्हईल गं माय," "मन लहान करू नगंस," "धाकटी पुढं गेली म्हनून वाईट वाटू देऊ नगं." धाकटीचं शिक्षण सुटलं त्या मांडवात कीव माझी चालली होती, आणि मी ती घेत होते. मान खाली घालून, डोळ्यात पाणीसुद्धा आणून. ते पाणी खरं होतं, पण बायकांना वाटत होतं त्या कारणाचं नव्हतं. अक्षता पडल्या तेव्हा धाकटीने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि मला धीर द्यायला हसली. मी मंगळाची म्हणून तिला माझं वाईट वाटत होतं.

पुढे माझं सगळं नीट झालं. एम.एस्सी., नेट, पीएच.डी., काही वर्षं तासावर शिकवणं आणि मग कायमची नोकरी. धाकटीचंही वाईट झालं असं नाही. नवरा सरळ आहे, सासू बोलते पण जेवू घालते. फक्त त्या घरात जनावर नाही. आडतीच्या दुकानामागे घर, त्यात गोठ्याला जागा कुठली. डिप्लोमाचं तिने सासरी एकदा काढलं होतं, मग मुलगी झाली. बारशाला मी गेले तेव्हा सासरच्यांनी त्यांच्या रिवाजाने लगेच काढलेली मुलीची पत्रिका घरात फिरत होती. धाकटी बाजेवरून मला म्हणाली, "अक्का, हिच्या पत्रिकेत मंगळ न्हाई बग. मला वाटलं हुतं तुझ्यावानी आसंल, म्हंजी मावशीसारखी शिकंल तरी." सगळ्या बायका हसल्या. मी बाळाचं टोपडं नीट करत बसले, बराच वेळ.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला ते खवखवणं असं की जिथे माझं कौतुक होईल तिथे जायला नको वाटायचं, आणि जायचं तर टाळताही यायचं नाही. गावच्या शाळेत माझा सत्कार झाला. नारळ, शाल आणि मुलींसाठी चार शब्द. मी म्हणाले, लग्नाची घाई करू नका, आधी शिका, आपल्या पायावर उभ्या राहा, घरच्यांशी खरं बोला. 'खरं बोला' हे मी म्हणाले, माइकवरून. धाकटी मुद्दाम सिरसाळ्याहून आली होती. पहिल्या रांगेत लेकीला मांडीवर घेऊन बसली होती आणि सगळ्यांच्या आधी तिनेच टाळ्या वाजवल्या.

यंदा मी तेहतीस वर्षांची झाले आणि माझं लग्न ठरलं. ते माझ्याच कॉलेजातले आहेत, मीच ठरवलं, आणि आता अण्णाही कोणाला काही विचारत नाहीत. फक्त होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला की एकदा पत्रिका पाठवा, आमच्या मनाच्या समाधानासाठी. अण्णांनी पेटीतून जुनी प्लास्टिकची पिशवी काढली. बारा वर्षांपूर्वीचा तो बायोडेटा तीत तसाच होता, कडा पिवळ्या पडलेल्या. तो माझ्या हातात देऊन अण्णा मोटर चालू करायला विहिरीवर गेले.

मी आईला म्हणाले, "हाच पाठवते. मंगळ असला तरी ते लोक मानत नाहीत."

आई शेवया वाळत घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "नवीन टाईप कर. आता खरी येळ लिव. सात चाळीस."

मी कागदावरचं नऊ चाळीस पुन्हा वाचलं. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तू कागद आनला त्याच दिशी. तुझ्या मामाचं घड्याळ मी बगितलं न्हवतं. पर तू झालीस तवा दुधाची गाडी दारात हारन वाजवीत व्हती. दुधाची गाडी काय नऊच्या फुडं येती व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

"कावून बोलू? तुला शिकायचं व्हतं. मला वाटलं, पोरीनं आपली वाट काढली, काढू दे."

"आणि बारा वर्षं मंगळवार धरलेस ते?"

आई हसली. "उपास केला नसता तर तुझ्या आत्याला खरं वाटलं असतं व्हय? खोटं खपवायचं म्हनलं की कुनीतरी उपाशी ऱ्हावंच लागतंय."

मलाही हसू आलं. ते ओठांवर होतं तोवरच ती पुढे बोलली, त्याच आवाजात, शेवया पसरत.

"पर धाकटीच्या येळंला मी तुझ्याकडं बगत व्हते. मला वाटलं, आता बोलशील. अण्णांनी तोंडानं म्हनलं की, तुझा मंगळ नसता तर. मी तूर निवडायची थांबले. तू न्हाई बोललीस. मी बोलले असते तर तुझं गेलं असतं, न बोलले तर तिचं. दोघी माझ्याच पोटच्या. म्हनून तुझ्यावर सोडलं व्हतं मी."

मी खाली बसले. इतकी वर्षं मला वाटायचं, त्या ओसरीवर खरं ठाऊक असलेली मी एकटीच होते. ती माझ्यासमोर बसून वाट बघत होती, आणि मी तिला घड्याळ कळत नाही म्हणून निश्चिंत होते. मी रडले. आईने समजूत घातली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्याम्होरं रडून काय हुनार. तिला सांग जा. अण्णांना सांगायचं काय ते मग बगू." अण्णांना आम्ही दोघींनी अजून सांगितलेलं नाही. मी लिहिलेलं हे छापून आलं की कळेल.

चार दिवसांनी मी सिरसाळ्याला गेले. दुपारची वेळ होती, धाकटीचा नवरा दुकानात होता आणि मुलं शाळेत. धाकटी मागच्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. शेजाऱ्यांची एक शेळी कुंपणापलीकडून मान घालून उभी होती, आणि धाकटी मधूनमधून तिला टरफलं टाकत होती. मला बघून ती उठली, पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाली. मी म्हणाले, आधी बस. वाटेत एसटीत मी काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. माफी कशी मागायची, ती रडली तर काय करायचं, तिने तोंड फिरवलं तर किती वेळ थांबायचं. शिकवायला जाताना मी जशी तयारी करते तशीच.

मी तिला सगळं सांगितलं. मामाचं घड्याळ, ऑनलाइन सेंटर, नऊ चाळीस, अण्णांचं बोलणं, माझं गप्प बसणं. आईचंही सांगितलं. ती शेंगा फोडायची थांबली होती.

"म्हंजी तुला मंगळ न्हाईच?" ती म्हणाली.

"नाही."

"कवाच नव्हता?"

"नाही."

"नुसती येळ बदलली?"

"हो. दोन तासांनी पुढं केली."

"आन ते लगीच आलं पत्रिकेत? गुरुजीला कळलं बी न्हाई?"

"नाही कळलं."

ती हातातल्या शेंगेकडे बघत राहिली. मी वाट बघत होते, आता ओरडेल, शिव्या देईल, कावून केलंस म्हणेल. ते मला सोसलं असतं, मी त्यासाठीच आले होते. कुंपणापलीकडची शेळी ओरडली तरी तिने तिकडे बघितलं नाही.

मग ती म्हणाली, "मला बी सांगायचं असतंस की, अक्का. मी बी माझी बदलली असती."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच तेवढंच म्हणायचं होतं. एवढी वर्षं मी मनात दोनच गोष्टी घोळवत होते, खरं सांगायला हवं होतं की गप्प बसायला हवं होतं. त्या उन्हाळ्यात गोठ्यात ती माझा हात धरून उभी असताना मोबाइल माझ्याजवळच होता, ॲपही त्यात होतं. तिची तारीख टाकून वेळ थोडी सरकवून बघावी, एवढं माझ्या मनातही आलं नाही. पळून जायचं ते मी, आणि धाकटीने मागे राहायचं, हे मी केव्हाच धरून चालले होते.

धाकटीने पदर झटकला, टरफलं गोळा करून शेळीपुढे टाकली आणि चहा ठेवायला आत गेली. साखर किती घालू, म्हणून तिने आतून विचारलं.